पाणवठ्यावर लपण बांधणाऱ्यांनो, शेतकऱ्याचं नाव पुढे करू नका

पोस्ट मोठी आहे. वेळ काढून वाचा. पटली नाही तर कमेंटमध्ये शिव्या द्या, पण पूर्ण वाचून द्या.

मागच्या आठवड्यात वैजापूर तालुक्यातल्या एका गावातून भल्या सकाळी फोन आला. गावाचं आणि फोन करणाऱ्याचं नाव लिहीत नाही, त्याला त्याच गावात राहायचंय. "भाऊ, तळ्यावर या. एक वस्तू दाखवायची तुम्हाला." एवढंच बोलला आणि फोन ठेवला. गाडी काढली आणि गेलो.

पाझर तलाव म्हणजे आता नावापुरताच. सगळा तळ भेगाळलेला आणि मधोमध आपल्या अंगणाएवढं एक डबकं. त्या डबक्याभोवती चिखलात खुरांचे ठसे इतके, की पाय ठेवायला कोरी जागा नाही. आणि डबक्यापासून पंचवीस-तीस पावलांवर, बाभळीच्या बुडाशी, एक पऱ्हाट्यांचा ढीग. लांबून बघितलं तर कुणीतरी सरपण रचून ठेवलंय असं वाटावं. जवळ गेलो तर आतून पोकळ. पऱ्हाट्या उभ्या रोवलेल्या, आतून हिरवी शेडनेट बांधलेली, वर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. आत खताची दोन रिकामी पोती अंथरलेली. गुटख्याच्या पुड्या, पाण्याची बाटली. आणि पाण्याच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, वीतभर उंचीची एक फट.

जुने लोक याला लपण म्हणतात. जनावराला दिसू नये म्हणून शिकाऱ्याने जमिनीवर केलेला आडोसा.

दोन माणसं आत आरामात बसतील असं ते लपण होतं. ज्याने बांधलं त्याला कळप कुठून येतो, वारा कुठून वाहतो, सकाळचं ऊन कुणाच्या डोळ्यावर येतं, सगळं माहीत होतं. एवढी अक्कल चांगल्या कामाला लावली असती तर गावाचं भलं झालं असतं.

गावात विचारपूस केली. नाव कुणी घेईना. पण कारण मात्र सगळ्यांच्या तोंडी तयार होतं. "भाऊ, हरणांनी पिकाचा पार सत्यानाश केलाय. मग पोरं काय करतील?"

ही पोस्ट त्या एका वाक्याबद्दल आहे.

आधी शेतकऱ्याची बाजू मांडतो, कारण ती खरी आहे. वैजापूर, गंगापूर, तिकडे येवल्याच्या बाजूला राजापूर-ममदापूरचा पट्टा, हा सगळा माळरानाचा भाग. काळविटाचं हे पिढ्यानपिढ्याचं घर. आपण सगळे त्याला हरीणच म्हणतो. माळ होता, गवत होतं, तोवर ते माळावर चरायचं. माळ फुटला, बांधाला बांध लागला, आणि त्याच जागी कपाशी, मका, हरभरा, कांदा आला. जनावराने जागा सोडली नाही, जागेवरचं गवत बदललं. आता कळप वावरात येतो. जूनमध्ये कपाशीला दोन पानं फुटली की शेंडा खातो. मूग, मका कोंबातच संपवतो. रब्बीत हरभऱ्यावर पडतो. खातो त्याच्यापेक्षा तुडवतो जास्त.

हे मी ऐकून लिहीत नाही. चुलतभावाच्या वावरात रात्री जागायला मी स्वतः गेलोय. बॅटरी मारायची, डबा वाजवायचा, फटाका फोडायचा. बांधाच्या कडेने घरातल्या जुन्या साड्या बांधून झाल्या. ज्याच्याकडे पैसे आहेत तो सोलरचं झटका मशीन लावतो, मग कळप शेजाऱ्याच्या वावरात जातो आणि दोन भावकीत भांडण लागतं. भाऊ म्हणाला, "रातभर जागलो तरी पहाटंला डोळा लागतोच रे. आणि तेवढ्यातच येते ती." दुबार पेरणी करावी लागली की बियाण्याची पिशवी, मजुरी, सगळं पुन्हा. आणि हंगाम मागे पडतो तो कोण भरून देणार?

तेव्हा शेतकऱ्याला "मुक्या जनावरावर दया करा" असं सांगायला मी इथे आलेलो नाही. ज्याची दोन एकर कपाशी एका रात्रीत गेली त्याला प्राणिप्रेमाचं प्रवचन देणाऱ्याने आधी एक रात्र त्याच्या वावरात काढावी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

सध्या चैत्र-वैशाखाचे दिवस आहेत. कोरडवाहू वावरं नांगरून पडलीत. हरभरा निघून खळ्यावरून घरात गेला. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर पडल्यात, त्यातल्याच काही त्या लपणाला लागल्या. मग मला सांगा, तळ्याच्या काठावर बसून ही पोरं कोणतं पीक वाचवत होती?

नुकसान होतं जून-जुलैत आणि रब्बीत. ते होतं वावरात. लपण बांधलं गेलं एप्रिलमध्ये, पाण्यावर, जिथे आसपास अर्धा किलोमीटर हिरवं पान नाही. पीक वाचवायचं असतं तर माणूस पिकात बसला असता. हा माणूस तहानेच्या वाटेवर बसलाय. पंचक्रोशीत एकच डबकं उरलं की कळपाला तिथे यावंच लागतं, हे त्याला पक्कं माहीत आहे.

दुसरी गोष्ट. मारलं जातं कोणतं जनावर? मोठं, काळं, पिळाच्या शिंगांचं. म्हणजे नर. कळपात पिवळट-तपकिरी माद्या आणि पाडसं कितीतरी असतात, पीक सगळेच खातात. पण नेम धरला जातो शिंगांवर. कारण शिंगांचा फोटो काढता येतो. पिकाचं नुकसान मोजणारा माणूस शिंगं बघत नाही.

तिसरी गोष्ट. तीस जनावरांच्या कळपातलं एक मारलं तर उरलेली एकोणतीस उपाशी राहतात का? पुढच्या जूनमध्ये ती तुमच्याच वावरात येणार आहेत. ज्याचं पीक गेलं त्याला त्या मटणातून काय मिळालं? बियाण्याची एक पिशवी तरी आली का? मटण गेलं पार्टीला. शेतकऱ्याच्या वाट्याला आलं फक्त नाव. पकडले गेलो तर "आम्ही शेतकरी आहोत, पीक वाचवत होतो" हे म्हणायला त्याचं नाव.

आपल्याकडे राखणीचा माळा असतो, तो सगळ्यांनी बघितलाय. चार मेढी, वर फळ्या, त्यावर झोपडं. माळा उंच असतो, लांबून दिसतो, आणि दिसावा म्हणूनच बांधलेला असतो. त्यावर कंदील असायचा, आता बॅटरी असते. राखणदार हाळी देतो, गोफण फिरवतो, डबा बडवतो. त्याचं सगळं काम जनावराने लांब जावं म्हणून. लपण बरोबर उलटं. ते बुटकं, गप्प, अंधारं. जनावराने जवळ यावं म्हणून बांधलेलं. माळ्यावर बसलेल्या बापाचं कारण लपणात बसलेल्या पोराने सांगू नये.

या पोरांना हे सुचलं कुठून, तेही कळलं. मोबाईलवरून. अमेरिकेतले व्हिडिओ बघतात. तिकडे जमिनीवर असा आडोसा करून हरणाची शिकार करणं हा मोठा शौक आहे. तयार तंबू मिळतात, झाडपाल्याच्या रंगाचे कपडे मिळतात. आणि त्यात गंमत म्हणजे काही व्हिडिओत आपलंच काळवीट असतं. 1930 च्या दशकात टेक्सासमध्ये काळविटं नेऊन सोडली गेली, ती वाढली, आणि आज तिथे खासगी कुरणांवर पैसे भरून त्यांची शिकार करता येते. आमच्या पोरांनी ते बघितलं आणि त्यांना वाटलं, जनावर तेच, पऱ्हाट्या आपल्याकडे फुकट, मग अडचण काय?

अडचण अशी आहे की व्हिडिओत फक्त आडोसा दिसतो, त्याच्यामागचा कायदा दिसत नाही. तिकडे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करायची तर परवाना लागतो, ठरलेला हंगाम असतो, एका माणसाने किती जनावरं मारायची याची मर्यादा असते. बंदुका आणि काडतुसांवर 1937 पासून खास कर आहे, लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर तो 11 टक्के आहे, आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. हे सगळं त्यांनी हौसेने केलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार शिकारीने तिकडची हरणं संपत आली होती, तेव्हा ते शहाणे झाले. ती पद्धत बरी की वाईट हा वेगळा वाद. पण ज्यांना त्यांचा फक्त आडोसा उचलायचाय आणि नियम तिथेच सोडायचेत, त्यांनी अमेरिकेचं नाव घेऊ नये.

आपला कायदा काय सांगतो तेही स्वच्छ लिहितो, म्हणजे उद्या कुणी "माहीत नव्हतं" म्हणायला नको. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. काळवीट आणि चिंकारा दोन्ही अनुसूची एकमध्ये, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंगतीत. शिक्षा किमान 3 वर्षं, जास्तीत जास्त 7 वर्षं, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दंड किमान 25 हजार. शिकार म्हणजे गोळी घालून मारणं एवढंच नाही. फास लावणं, सापळा लावणं, आमिष टाकणं, हाकून आणणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे. तेव्हा "आम्ही नुसतं बसलो होतो" हे चालत नाही. गाडी आणि हत्यार जप्त होतं. मटण तुमच्या ताब्यात सापडलं तर ते कुठून आलं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची.

आणि हो, पिकाचं नुकसान करतं म्हणून काळवीट मारायची परवानगी मिळत नाही. रोही आणि रानडुकरासाठी ठरावीक अटींवर तशी तरतूद आहे. काळविटासाठी ती नाही. गावात कुणी "साहेबांना सांगून ठेवलंय" असं म्हणत असेल तर तो तुम्हाला अडकवतोय.

आता एक कडू गोष्ट. त्या सकाळी लपणाजवळ उभं असताना एक जण सहज बोलून गेला, "पारध्यांचं काम असेल." मी विचारलं, इकडे जवळपास पारधी वस्ती आहे का? नाही. मग कुणी बघितलं का? नाही. तरी नाव तोंडात पहिलं तेच.

फासेपारधी समाजाचा शिकारीवर पोट भरण्याचा इतिहास आहे, तो लपवायचं कारण नाही. गवतात फासे मांडायचे, शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडून पाखरा-जनावराजवळ जायचं, ही त्यांची पिढीजात विद्या होती. पण इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का 1952 मध्ये कागदावरून पुसला, आपल्या तोंडातून अजून गेला नाही. मला सांगा, शेडनेट कुणाची होती? रात्री माळावर चारचाकी घेऊन सर्चलाईट मारत कोण फिरतं? उजेडात जनावर बावरून उभं राहतं आणि मग बार निघतो, त्या बंदुकीचं लायसन्स कुणाच्या नावावर असतं? पालात राहणाऱ्या माणसाकडे हे सगळं असतं का? गावाला उत्तर माहीत असतं. पण गाडीवाल्याचं नाव घ्यायला भीती वाटते आणि पालवाल्याचं घ्यायला वाटत नाही.

नाव घेण्यावरून आठवलं. सलमान खानचं काळवीट प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबर 1998 मध्ये जोधपूरजवळच्या कांकाणी गावची ती घटना. एप्रिल 2018 मध्ये खालच्या कोर्टाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली, पुढे जामीन झाला, अपील झालं. निकालाचं पुढे काय होईल ते कोर्ट बघेल. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. समोर देशातला एवढा मोठा हिरो होता आणि तरी वीस वर्षं तो खटला उभा राहिला, कारण गावातले बिश्नोई लोक साक्षीला उभे राहिले आणि हटले नाहीत. तेही शेतकरीच आहेत. त्यांच्याही वावरात काळवीट चरतं. आपल्याकडे समोर फार तर तालुक्यातला कुणी पुढारी असतो, आणि आपल्याला काहीच दिसलेलं नसतं.

आमच्या पत्रकारांच्या जमातीनेही आरशात बघावं. जुलैत आम्ही छापतो, "हरणांचा धुमाकूळ, शेतकरी हवालदिल." मेमध्ये छापतो, "पाण्याच्या शोधात काळविटाचा विहिरीत पडून मृत्यू." दोन्ही बातम्या खऱ्या. पण जुलैतलं हरीण आणि मेमधलं हरीण एकच आहे, हे जोडून आम्ही कधी लिहीत नाही. मीही त्यातलाच. जुलैच्या त्या बातमीतला "धुमाकूळ" हा शब्द मीही किती वेळा वापरलाय ते मोजलं तर लाज वाटेल. आम्ही वर्षानुवर्षं हरणाला गुंड करून ठेवलं, मग कुणीतरी बंदूक घेऊन निघणारच.

आता सरकारकडे वळतो, कारण शिकाऱ्याला शेतकऱ्याच्या रागामागे लपता येतं ते सरकारने तो राग तसाच पेटता ठेवल्यामुळे.

वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर भरपाईची योजना महाराष्ट्रात आहे. तीन दिवसांच्या आत वनविभागाला कळवायचं, मग पंचनामा, मग मंजुरी. कागदावर छान आहे. पण कोंबातलं पीक खाल्लं तर तिसऱ्या दिवशी दाखवायचं काय? शेतकरी वाट बघत बसत नाही, तो दुबार पेरणी करून मोकळा होतो, कारण वाफसा निघून जातो. मग पंचनाम्याला येणारा माणूस नवीन पेरलेलं वावर बघतो आणि विचारतो, नुकसान कुठंय? मी स्वतः एका शेतकऱ्याबरोबर एका कार्यालयात गेलो होतो. अर्ज, सातबारा, फोटो, सगळं होतं. टेबलावरच्या माणसाने विचारलं, "हरणानेच खाल्लं कशावरून?" त्या शेतकऱ्याने माझ्याकडे बघितलं. अर्ज उचलला, घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाला, "चला भाऊ, जाऊ द्या." पुन्हा तो त्या पायऱ्या चढला नाही. त्या दिवशी त्याच्याजवळ कुणी बंदूकवाला येऊन बसला असता तर त्याने नाही म्हटलं असतं का? मला खात्री देता येत नाही.

म्हणून पोरांना झोडपून ही पोस्ट संपवणं सोपं होतं, पण ते अर्धंच खरं झालं असतं. खाली काही मागण्या मांडतोय. आमदार, खासदार, जिल्हा प्रशासन, ज्याच्यापर्यंत पोहोचेल त्याच्यापर्यंत पोहोचवा.

पहिली मागणी पीकविम्याची. वन्यप्राण्यांमुळे झालेलं पिकाचं नुकसान पंतप्रधान पीकविमा योजनेत पुन्हा घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केला. 2026 च्या खरिपापासून तो लागू करायचा आहे. पण कोणते प्राणी आणि कोणते भाग त्यात धरायचे ही यादी राज्याने ठरवायची आहे. हत्ती, रानडुक्कर, रोही यांची चर्चा सगळे करतात. काळवीट त्या यादीत आहे का? वैजापूर, गंगापूर त्यात आहे का? आपल्या लोकप्रतिनिधींनी हे लेखी सांगावं. आणि नुकसान 72 तासांत मोबाईल अ‍ॅपवर फोटोसह कळवायचंय. ते कसं करायचं हे पेरणीच्या आधी गावोगावी कुणीतरी शिकवलं पाहिजे. पेरणी झाल्यावर शिबिरं घेऊन उपयोग नाही.

दुसरी मागणी पंचनाम्याची. खरिपाच्या पहिल्या महिन्यात कोंबाचं नुकसान हे वेगळं नुकसान म्हणून धरा. दुबार पेरणीचा खर्च हाच त्याचा हिशेब. खुरांचे ठसे आणि लेंड्या यांचा ठिकाण-वेळ असलेला फोटो पुरावा म्हणून घ्या.

तिसरी मागणी पाण्याची. ममदापूरला 2014 मध्ये काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र झालं, साधारण 54 चौरस किलोमीटरचं. चांगलं झालं. पण ते नाशिक जिल्ह्यात आहे आणि कळपाला जिल्ह्याची हद्द कळत नाही. आपल्या बाजूच्या पट्ट्यात उन्हाळ्यात गावापासून आणि रस्त्यापासून लांब पाणवठे करा आणि त्यात टँकरने पाणी टाका. पाणी चार ठिकाणी असलं तर एका डबक्यावर लपण बांधून कुणाला फायदा होणार नाही. आणि बिनकठड्याच्या विहिरींना कठडे बांधा. त्यात काळवीट पडतं, वासरू पडतं, उद्या लेकरू पडेल.

चौथी मागणी. जिथे संख्या खरंच जास्त झालीय तिथे जनावरं हलवा. हे होतं. 2025 च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशने शाजापूरच्या भागात ते करून दाखवलं. शेतातले कळप हेलिकॉप्टरने हाकत नेले. बोमा म्हणजे नरसाळ्यासारखं निमुळतं होत जाणारं कुंपण, त्याला बाजूने पडदे लावलेले असतात, म्हणजे जनावर बिथरत नाही. त्यातून शेकडो काळविटं पकडून दुसऱ्या जंगलात सोडली. आडोसा तिथेही बांधलाच होता. पण त्यातून जनावर जिवंत बाहेर पडलं आणि शेतकऱ्याचं पीकही सुटलं. शेजारच्या राज्याला जमतं ते आपल्याला का जमू नये? आपल्याकडे अभ्यास करून निदान एक प्रस्ताव तरी तयार आहे का?

मला माहीत आहे कमेंटमध्ये काय येणार. "शहरात बसून बोलायला काय जातं?" मी शहरात बसत नाही, तालुक्यात बसतो. "तुम्हाला हरणाचा पुळका आला." नाही हो. मला राग आलाय तो कुणीतरी आपल्या दुःखाचा आडोसा करून आत मजा मारतोय म्हणून. शेतकऱ्याचं नाव घेऊन व्यापारी पोट भरतो, पुढारी निवडून येतो, आणि आता शिकारीही होते. आणखी किती जणांना आपण आपल्या नावामागे लपू देणार?

त्या लपणाचं काय झालं तेही सांगतो. आम्ही फोटो काढले, कशाला हात लावला नाही आणि वनविभागाला कळवलं. दुपारी माणसं आली, त्यांनी पंचनामा केला, पऱ्हाट्या उपटल्या, शेडनेट जप्त केली. बांधणारा सापडला नाही. सापडेल याची मला फारशी आशा नाही, पण पाळत ठेवतोय.

निघताना तो फोन करणारा शेतकरी माझ्या गाडीपर्यंत आला. त्याच्याही वावरात गेल्या जूनमध्ये कळप पडला होता, दुबार पेरणी करावी लागली होती. मी विचारलं, मग तुम्ही कशाला फोन केला? तो म्हणाला, "भाऊ, माझं खातं तेव्हा मी दगड मारतोच. पण पाणी पिताना कुणाला मारत नसतेत."

माझ्या सगळ्या पोस्टपेक्षा हे वाक्य भारी आहे, म्हणून शेवटी ठेवलं.

तुमच्या शिवारात तळ्यावर, नाल्यावर असा आडोसा दिसला तर एकट्याने भांडायला जाऊ नका, आत बंदूक असू शकते. लांबून फोटो काढा, ठिकाण टिपून ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या नंबरवर कळवा. नाव सांगायची भीती वाटत असेल तर मला मेसेज करा. मी कळवतो, माझ्या नावाने कळवतो.

आणि ज्यांनी ते लपण बांधलं ते ही पोस्ट वाचत असतील, कारण तालुका लहान आहे. जूनमध्ये या. रात्रभर जागायला आम्हाला माणसं कमी पडतात. बॅटरी घेऊन या, माळ्यावर बसा, हरणं हाकला, चहा आमच्याकडून. तेव्हा तुम्हाला शेतकऱ्याची पोरं म्हणू.